अनुभवाचे प्रामाण्य : श्रद्धावंत, संशयवादी आणि संतकवीची साक्ष

१

‘मला अनुभव आला, म्हणून मी मानतो’ असे श्रद्धावंत म्हणतो. ‘अनुभव आला असेल, परंतु त्यावरून ईश्वर सिद्ध होत नाही’ असे संशयवादी उत्तर देतो. हा संवाद भारतीय भाषांच्या वाङ्मयात फार प्राचीन आहे. अलीकडे मात्र तो विज्ञान विरुद्ध धर्म किंवा पश्चिम विरुद्ध पूर्व अशा सोयीस्कर चौकटीत बसवून मांडला जातो. या मांडणीत संतसाहित्याच्या वाट्याला साक्षीपुराव्याची भूमिका येते. एक पक्ष तुकोबांचा किंवा बहिणाबाईंचा अभंग पुढे करतो, दुसरा पक्ष तो भ्रम म्हणून बाजूस सारतो, आणि अभंग स्वतः काय सांगतो हे पाहावयाचे दोघांकडूनही राहून जाते.

वस्तुतः या वादात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. अनुभव खरोखर आला काय, हा पहिला. तो अनुभव कशाचा, हा दुसरा. आणि ज्याला तो आलेला नाही त्याच्यावर तो बंधनकारक आहे काय, हा तिसरा. हे तीन प्रश्न आपल्याकडील शास्त्रग्रंथांनी बऱ्याच स्पष्टपणे वेगळे केले होते. देशी भाषांतील संतकवींनी त्यांना वाङ्मयीन रूप दिले. हे रूप देताना संशयाला त्यांनी काव्याबाहेर ठेवले नाही, ही गोष्ट प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. संतकवीच्या साक्षीत तिच्याविषयीची शंकाही अंतर्भूत असते. ती शंका वगळून उरणारी साक्ष अपुरी असते, मग ती श्रद्धावंताने उद्धृत केलेली असो वा संशयवाद्याने खंडिलेली.

२

प्रथम शास्त्रातील वाद पाहू. येथे पहिलेच आश्चर्य असे की, योग्यांच्या अलौकिक प्रत्यक्षावर सर्वांत कठोर हल्ला करणारा विचारवंत नास्तिक नव्हता. कुमारिल भट्ट हे वेदप्रामाण्याचे कट्टर समर्थक. ‘श्लोकवार्तिका’त त्यांनी योगिप्रत्यक्षाचे खंडन केले, ते वेदाच्या रक्षणासाठी. प्रत्यक्ष हे विद्यमान वस्तूचेच असते, कोणतेही इंद्रिय आपल्या विषयाची मर्यादा ओलांडीत नाही, म्हणून धर्मासारखी भावी फलाशी निगडित असलेली गोष्ट कोणालाही ‘दिसू’ शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. बुद्ध सर्वज्ञ आणि कपिल सर्वज्ञ नव्हे याला प्रमाण काय, आणि दोघेही सर्वज्ञ असतील तर त्यांच्यात मतभेद का, हा प्रश्नही कुमारिलांच्या नावावर सांगितला जातो. १७४८ साली डेव्हिड ह्यूम यांनी चमत्कारांवरील आपल्या प्रकरणात परस्परविरोधी धर्मांच्या साक्षी एकमेकींना निष्प्रभ करतात असे प्रतिपादन केले. दोघांच्या युक्तिवादाचा आकार सारखा आहे, हेतू मात्र सर्वस्वी भिन्न.

नवव्या शतकातील काश्मीरचे नैयायिक जयंत भट्ट यांनी ‘न्यायमंजरी’त याचा प्रतिवाद केला. त्यांचे दृष्टान्त घरगुती आहेत. मांजराला अंधारात दिसते, आपल्याला दिसत नाही; मग दृष्टीची मर्यादा सर्वांना एकच, असे कसे म्हणावे? ‘उद्या माझा भाऊ येईल’ असे एखाद्या मुलीचे मन सांगते आणि भाऊ खरोखरच येतो, तेव्हा त्या ज्ञानाला काय म्हणावे? या दृष्टान्तांनी योगिप्रत्यक्ष सिद्ध होते असे नाही. परंतु आपल्या अनुभवाची सीमा ती सर्वांच्याच अनुभवाची सीमा, हे गृहीतक मात्र त्यांनी ढिले होते.

या वादातील सर्वांत सूक्ष्म भूमिका बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांची आहे. योगिप्रत्यक्ष त्यांना मान्य आहे, आणि तरीही अनुभवाच्या स्पष्टतेवर त्यांचा विश्वास नाही. काम, शोक, भय किंवा उन्माद यांनी व्याकूळ झालेला मनुष्य नसलेली वस्तूही पुढ्यात असल्यासारखी पाहतो, हे ते बजावून सांगतात. ज्याची पुनःपुन्हा भावना करावी ते अखेर स्पष्ट दिसू लागते, मग ते सत्य असो वा असत्य. तेव्हा दर्शनाची प्रखरता हे त्याच्या यथार्थतेचे गमक होऊ शकत नाही. ते दर्शन अन्य प्रमाणांशी जुळले पाहिजे. आजचा मानसशास्त्रज्ञ जो आक्षेप घेतो, तो ध्यानमार्गाच्या एका पुरस्कर्त्याने तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःच्याच परंपरेला उद्देशून घेतला होता.

शंकराचार्यांची भूमिका याहून वेगळी. ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच धर्मजिज्ञासा आणि ब्रह्मजिज्ञासा यांत भेद करून ते सांगतात की, ब्रह्माच्या बाबतीत श्रुतीबरोबर अनुभवही यथासंभव प्रमाण आहे. पुढे चौथ्या अध्यायात, देह असतानाच ब्रह्मज्ञान कसे, या शंकेवर त्यांचे उत्तर असे : एखाद्याच्या हृदयाला आलेली प्रतीती दुसऱ्याने कशी नाकारावी? या उत्तराची व्याप्ती नीट पाहण्यासारखी आहे. इतरांनी ती प्रतीती नाकारू नये एवढेच येथे म्हटले आहे. केवळ तिच्या बळावर इतरांनी ती स्वीकारली पाहिजे, असे येथे म्हटलेले नाही. पहिल्या व तिसऱ्या प्रश्नातील अंतर येथे कायम राहिले आहे.

३

देशी भाषांत हा प्रश्न आला तेव्हा त्याचे सामाजिक वजन बदलले. ज्यांना वेदाध्ययनाचा अधिकार नव्हता, त्यांना बोलण्यासाठी दुसरा आधार हवा होता. बाराव्या शतकातील कन्नड वचनकारांनी ‘अनुभाव’ या शब्दाला जो विशेष अर्थ दिला, त्यामागे ही गरज आहे. मराठीत ‘अनुभव’ आणि ‘प्रचीती’ हे शब्द तेच कार्य करतात. ग्रंथाचा अधिकार नाकारलेल्या माणसाला अनुभवाचा अधिकार कोणी नाकारू शकत नव्हते. म्हणून संतांच्या अनुभवाला केवळ मनोविकार ठरविणाऱ्याने आपण एका दुर्बल वर्गाच्या वाणीचाही पाया काढून घेत आहोत काय, हे स्वतःस विचारले पाहिजे.

तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी ‘अनुभवामृता’त ही भूमिका तत्त्वज्ञानाच्या पातळीवर मांडली. ज्ञानही बंध होते हे शिवसूत्रात सांगितले आहे, गीतेतही आले आहे. परंतु शिवाने वा विष्णूने सांगितले एवढ्यासाठी आपण ते मानीत नाही, त्यांनी न सांगताही ते तसेच असते, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन आहे. पुढे याच ग्रंथात शब्दाचेही खंडन येते. ग्रंथप्रामाण्याला येथे आव्हान दिले आहे, आणि ते देणारा पुरुष परम श्रद्धावान आहे.

तुकोबांकडे वळले की प्रश्न अधिक बिकट होतो. स्वप्नात बाबाजींनी केलेला अनुग्रह, नामदेवांनी पांडुरंगासह येऊन दिलेली कवित्वाची आज्ञा, हे अनुभव त्यांनी स्वतः अभंगांत नोंदविले आहेत. परंतु ‘गाथे’त याच्या शेजारीच अनुभव न आल्याचा आक्रोश आहे. लोक आपल्याला संत म्हणतात आणि आपल्या अंतरी तर काहीच नाही, ही लाज आहे. आपल्यापुरता देव संपला, असे म्हणण्यापर्यंतचा त्रागा आहे. वह्या इंद्रायणीत बुडाल्यानंतरच्या अभंगांची रचना तर विशेष विचार करण्याजोगी आहे. तेरा दिवसांच्या निर्वाणीनंतर देवाने वह्या रक्षिल्या असे कवी सांगतो. आणि आनंद करावयाचा त्या ठिकाणी तो पश्चात्ताप करतो. आपण देवाचा अंत पाहिला, त्याला कष्ट दिले, हा त्याला स्वतःचा अपराध वाटतो. चमत्काराचा पुरावा म्हणून ज्या अभंगांचा निर्देश केला जातो, त्यांतच पुरावा मागण्याविषयीची ही खंत आहे. श्रद्धावंत प्रचारक ती वगळतो. चमत्कार अशक्य म्हणून अभंग बाजूला ठेवणाऱ्यालाही ती दिसत नाही.

बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत संशयवादी प्रत्यक्ष पात्र म्हणूनच अवतरतो. कोल्हापुरास असताना तुकोबांना पाहिलेले नसतानाच त्यांचा स्वप्नात अनुग्रह झाला, असे त्या सांगतात. वैदिक वृत्तीचे पती हे ऐकून संतप्त होतात. ब्राह्मण स्त्रीला शूद्राने उपदेश कसा करावा, लोक हिच्याभोवती का जमतात, हे त्यांचे प्रश्न आहेत. घर सोडून जाण्याचा विचारही त्यांच्या मनात येतो. पुढे आजारपणानंतर त्यांचे मन पालटते. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, बहिणाबाई पतीचा आक्षेप झाकत नाहीत. मारहाण, उपहास, स्वतःची द्विधा अवस्था हे सारे त्या आपल्या साक्षीतच नोंदवितात. पतीचा संशय तर्कशास्त्रीय नाही, तो जातीचा आणि अधिकाराचा आहे. म्हणजे प्रत्येक संशय हा विवेकाचा असतोच असे नाही, हेही या अभंगांवरून दिसते.

रामदासांनी ‘दासबोधा’त शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती अशी त्रयी मानली. तिघींचा मेळ बसला पाहिजे, हा तिचा इत्यर्थ. एकट्या अनुभवावर विसंबू नये ही सावधगिरी, धर्मकीर्तींशी ऐतिहासिक संबंध न जोडताही, त्यांच्या संवादी प्रमाणाची आठवण करून देणारी आहे.

४

एकोणिसाव्या शतकात हा वाद नव्या संस्थांत शिरला. बंगालमध्ये देवेंद्रनाथ ठाकुरांनी वेदांचे अपौरुषेयत्व सोडून दिल्यावर आत्मप्रत्यय हा ब्राह्मधर्माचा पाया मानला. त्याच ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’चे संपादक अक्षयकुमार दत्त यांना मात्र हा पाया पुरेसा वाटला नाही. श्रमाने पीक येते, श्रम अधिक प्रार्थना यांनीही तेवढेच पीक येते, म्हणून प्रार्थनेचे मूल्य शून्य, हे त्यांचे समीकरण प्रसिद्ध आहे. श्रद्धावंत आणि संशयवादी एकाच पत्रिकेच्या छपराखाली वर्षानुवर्षे काम करीत होते, ही घटना दोन छावण्यांच्या कल्पनेला छेद देणारी आहे. मराठीत १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू करणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांवर मिल आणि स्पेन्सर यांचा प्रभाव होता. स्पेन्सर यांनी धर्मकल्पनेचे मूळ स्वप्नांत व मृतात्म्यांवरील विश्वासात शोधले होते. हा शोध ‘अनुभव कसा उत्पन्न होतो’ याचे उत्तर देतो. परंतु एखाद्या अनुभवाची उत्पत्ती सांगितल्याने त्याचा अर्थ आणि मूल्य यांविषयीचे प्रश्न संपत नाहीत.

याच्या दुसऱ्या टोकास गुरुदेव रा. द. रानडे आहेत. १९३३ मधील ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ या ग्रंथात त्यांनी मराठी संतांच्या अनुभवांची तुलनात्मक मांडणी केली. भिन्न काळांतील व देशांतील साक्षात्कारी पुरुषांच्या कथनांतील साम्य हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता. त्यांच्या परिश्रमांविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की, साम्य शोधणाऱ्या दृष्टीला अभंगांतील विसंवाद, निराशा आणि शंका या केवळ वाटेवरच्या पायऱ्या वाटू लागतात. कुमारिलांनी साक्षींमधील विरोधावर बोट ठेवले, रानड्यांनी त्यांच्यातील साम्यावर. दोन्ही निष्कर्ष निवडलेल्या साक्षींवर अवलंबून आहेत.

विल्यम जेम्स यांनी १९०२ च्या आपल्या ग्रंथात काढलेला निष्कर्ष येथे उपयुक्त ठरतो. अशा अवस्था ज्याला येतात त्याच्यापुरत्या त्या अधिकारयुक्त असतात. इतरांनी त्या बिनचौकशी मानाव्यात असे कर्तव्य उत्पन्न होत नाही. परंतु केवळ तर्कनिष्ठ जाणीव हीच एकमेव जाणीव आहे, हा दावाही त्यांच्यामुळे टिकत नाही. शंकराचार्यांच्या उत्तराशी याचा सांधा सहज जुळतो.

५

हा वाद केवळ ग्रंथांतरीचा नाही. अंधश्रद्धानिर्मूलनाचे कार्य करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्या कायद्याने ईश्वर आहे की नाही, याविषयी मौन पाळले आहे. चमत्काराचा दावा करून लोकांना फसविणे, लुबाडणे, दहशत बसविणे हा गुन्हा ठरला. वारी, कीर्तन, भजन आणि दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन यांना त्यातून वगळण्यात आले. म्हणजे कायद्यानेही रेषा ओढली ती तिसऱ्या प्रश्नावर : माझा अनुभव मी तुझ्यावर कोणत्या बळाने आणि कोणत्या किमतीला लादतो?

वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम याहून मर्यादित, परंतु याच्याशी निगडित आहे. अनुभव सत्य होता की भ्रम, हा निवाडा देण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. साक्ष अखंड वाचणे मात्र त्याच्या हाती आहे. तुकोबांच्या दर्शनाबरोबर त्यांची खंत, बहिणाबाईंच्या स्वप्नाबरोबर त्यांच्या पतीचा क्रोध, आणि ज्ञानेश्वरांच्या श्रद्धेबरोबर त्यांनी नाकारलेले शब्दप्रामाण्य वाचले, म्हणजे ही साक्ष कोणाची संमती सक्तीने मागत नाही असे दिसून येते. तिने आपला प्रतिपक्ष आपल्याच घरात जागा देऊन बसविला आहे. त्याला तेथून बाहेर काढणारा, मग तो भाविक असो वा बुद्धिवादी, संतकवीची अर्धीच साक्ष घेऊन न्याय करू पाहतो.