कांचेच्या तंतूंची गळाची काठी

शुभवर्तमानांत जाळ्यांचा उल्लेख वारंवार येतो. गळाचा मात्र एकदांच. मत्तयाच्या १७ व्या अध्यायांत प्रभु येशू पेत्रास समुद्रांत गळ टाकावयास सांगतो. जाळें अनेक हातांचें, गळ एकट्याचा. वसईच्या खाडींत जिताड्याकरितां गरी सोडणारा कोळी आणि बावखलाच्या कांठीं वेळूची काठी धरून बसलेला मुलगा, हे दोघेही याच जुन्या विद्येचे विद्यार्थी होत. ह्या विद्येचें एक साधन आमच्या घरीं आहे. ती फायबरग्लासची जुनी काठी आज वाचकांपुढें ठेवूं.

ही काठी माशी टाकून मासे धरण्याची आहे. पिसें व दोरा यांची केलेली कृत्रिम माशी इतकी हलकी असते कीं, ती नुसती दूर फेकतां येत नाहीं. म्हणून दोरीच जड केलेली असते. काठी मागें नेली म्हणजे दोरी मागें पसरते व पुढें आणतांना तिच्या ओढीनें काठी वांकते. हात थांबला कीं काठी सरळ होते, दोरीस पुढें लोटते, आणि माशी अलगद पाण्यावर उतरते. म्हणजे काठी ही एकाच वेळीं तरफही आहे व स्प्रिंगही.

पूर्वी अशा उत्तम काठ्या चीनमधील टोंकिन वेळूच्या करीत. वेळूच्या सहा चिरफळ्या त्रिकोणी तासून सरसानें जोडीत. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत आर्थर हॉवल्ड यांनीं कांचेचे तंतू व राळ यांची काठी सिद्ध केली. १९५० सालीं अमेरिकेनें चीनशीं व्यापार बंद केल्यावर वेळू दुर्मिळ झाला व कांचेच्या काठीचा प्रसार वाढला. १९७० नंतरच्या दशकांत कार्बनच्या तंतूंची काठी आली; ती अधिक हलकी, अधिक ताठ व दूर फेंक करणारी असल्यानें कांचेची काठी मागें पडली.

मग ही जुनी काठी आम्हांस प्रिय कां? ती थोड्याशा दोरीनेंही मुठीपर्यंत वांकते म्हणून. मासा अकस्मात् हिसका देतो, तेव्हां ताठ काठीवर सारा ताण बारीक दोऱ्यावर पडतो. लवचीक काठी तोच ताण अधिक वेळांत विभागते व दोरा वांचतो. झेल घेतांना खेळाडू हात मागें घेतो, त्यांतील नियम हाच. लांब फेंकीसाठीं कार्बनची काठी श्रेष्ठ खरी. परंतु वाडी शिंपण्यासाठीं खोदलेल्या बावखलाची रुंदी ती किती! तेथें जुनीच काठी शोभते. साधनाची योग्यता त्याच्या नवेपणावर नव्हे, तर कामाच्या मापावर ठरते.

खाडीवरून आल्यावर ही काठी गोड्या पाण्यानें धुवावी, सांधा कोरडा करावा, कड्या तपासाव्या आणि ती उन्हांत अथवा वांकलेल्या स्थितींत ठेवूं नये. इतकें केल्यास ती दोन पिढ्या टिकेल.

परंतु काठी टिकून काय उपयोग, जर पाणीच राहिलें नाहीं? आपल्या भागांत कितीतरी बावखलें बुजलीं आहेत. म्हणून विद्यार्थ्यांनीं वडिलांच्या अनुमतीनें गळ जरूर टाकावा, लहान मासा परत सोडावा, पावसाळ्यांत मासे अंडीं घालतात तेव्हां गळ बाजूस ठेवावा; आणि पालकांनीं वाडींतलें बावखल बुजविण्यापूर्वी मुलांस एकवार त्याच्या कांठीं बसवावें.