खुळखुळा आणि बाळाची पंचेंद्रिये

बाळ जन्मले की पाळणा सजतो, वर चिमणाळे टांगले जाते, आत्याबाई खुळखुळा घेऊन येतात. ही खेळणी म्हणजे निव्वळ कौतुक, असे आपण समजतो. वस्तुतः बाळाच्या पंचेंद्रियांची पहिली शाळा तीच होय. म्हणून थोडी शास्त्रीय माहिती तरुण मातापित्यांसमोर ठेवीत आहे.

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचेच बऱ्यापैकी दिसते. अंगावर पाजताना आईचा चेहरा तेवढ्याच अंतरावर असतो. छताला टांगलेले फिकट गुलाबी फुगे पहिल्या महिन्यात त्याच्या लेखी नसल्यासारखेच! काळ्या-पांढऱ्या ठळक पट्ट्यांकडे मात्र ते टक लावून पाहते. पांढऱ्या फडक्यावर जुन्या लुगड्याचा काळा काठ शिवला तरी काम भागते. दुकानात जाण्याचे कारण नाही.

चौथ्या-पाचव्या महिन्यात हात वस्तूकडे जातो आणि हाती आलेले तोंडात जाते. रागावू नये. ओठ आणि जीभ हीच त्या वयातली तपासणीची साधने. पण रंग उडणारे, मणी सुटणारे खेळणे देऊ नये. रंगातील शिसे मेंदूला घातक असते. २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते पाहून घ्यावे. बटणासारखी लहान बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते.

आता खुळखुळ्याविषयी. आमच्या वस्तीत एक मुलगी दीड वर्षाची झाली तरी ‘आई’ म्हणत नव्हती. “काही मुले उशिरा बोलतात,” असे आजी म्हणाली, शेजारणी म्हणाल्या, आणि एका दवाखान्यातही तेच सांगितले. घरच्यांनी तिच्यामागे ताट वाजवून पाहिले. तिने वळून पाहिले, म्हणून सर्वांचे समाधान झाले. मीही त्या सर्वांत होतो. ताटाच्या दणक्याचा हादरा तिला जमिनीतून कळला होता, आवाज नव्हे, हे आमच्या ध्यानी आले नाही. अडीचाव्या वर्षी तपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांत मोठा दोष निघाला.

ऐकू न येणारे बाळही पहिले काही महिने हुंकार देते, म्हणून फसगत होते. पुढे ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे बोल यायला हवेत ते येत नाहीत. सहा महिन्यांचे बाळ मांडीवर बसवून, त्याला दिसणार नाही असा, बाजूने खुळखुळा हळू वाजवावा. सावली पडू देऊ नये, अंगाला वारा लागू देऊ नये. निरनिराळ्या दिवशी करूनही ते वळत नसेल तर थांबू नये. आणि वळले तरी घरची ही परीक्षा पुरेशी नाही. थोडा दोष तीतून निसटतो.

खरी तपासणी यंत्राने होते. झोपलेल्या बाळाच्या कानात लहानशी नळी ठेवतात, काही मिनिटांत काम होते, दुखत नाही. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा दंडक तज्ज्ञ सांगतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. त्यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच कार्य करीत आहे.

ती मुलगी आता श्रवणयंत्र लावून शाळेत जाते. बोलते, पण तिचे बोलणे अजून घरच्यांनाच नीट समजते.