सीताफळाचा मिल्कशेक : मिक्सर, मशीन की रवी?



दसरा-दिवाळीच्या दिवसांत आपल्या बीड जिल्ह्यात घरोघरी सीताफळं पिकायला घातलेली असतात. नारायणगडाला दर्शनाला गेलात तरी येताना पिशवीत चार-पाच फळं येतातच. बालाघाटच्या डोंगरातलं हे फळ. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला तर सीताफळाचं संशोधन केंद्र आहे आणि तिथली 'धारूर-६' ही जात शेतकऱ्यांना ठाऊक आहे. एवढं सगळं आपल्या दारात असताना मुलांना मिल्कशेक ज्यूस सेंटरवरच का प्यावासा वाटतो, हा माझा जुना प्रश्न.

त्याचं उत्तर मला सहावीतल्या एका मुलीने दिलं. म्हणाली, "मॅडम, आम्ही घरी केला होता, पण कडू झाला. फेकून दिला." मी विचारलं, कसा केला? तर सगळा गर बियांसकट मिक्सरच्या भांड्यात घालून फिरवला होता. बिया नंतर गाळून घेऊ, असा विचार. खरं सांगायचं तर हीच चूक मीही एकदा केली आहे, म्हणून तिला हसले नाही.

पण हा विषय नुसत्या चवीचा नाही. सीताफळाची बी अख्खी असते तेव्हा तिचं कवच टणक असतं. चुकून एखादी पोटात गेली तर बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. ती फुटली की आतला पांढरा मगज दुधात मिसळतो आणि तो विषारी आहे. आपल्याकडे उवांसाठी बिया वाटून केसांना लावतात ना, ते याचमुळे. जे उवांना मारतं ते पोटाला कसं चालेल? आणि हाच लेप डोळ्यात गेला तर डोळा लालभडक होतो, भयंकर आग होते, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी करून ठेवल्या आहेत. तसं झालंच तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. माझं तर पालकांना सांगणं आहे, उवांसाठी फणी आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध वापरा, हा लेप नकोच.

आता यंत्राकडे येऊ. घरातला मिक्सर आणि ज्यूस सेंटरवरचं ते उभं मशीन, ज्यात वरून एक दांडा स्टीलच्या उंच ग्लासात उतरतो, ही दोन वेगळी यंत्रं आहेत. मिक्सरला तळाशी पाती असतात, तो कापतो आणि वाटतो. उभ्या मशीनच्या दांड्याला खाली एक छोटी चकती असते. तिला धार नसते. ती फक्त घुसळते आणि दुधात हवा भरते.

गंमत अशी, की दोघांचं मूळ अमेरिकेतल्या रेसीन नावाच्या एकाच गावात सापडतं. १९११ च्या सुमारास हॅमिल्टन बीच कंपनीने दांड्याचं मशीन तिथे बाजारात आणलं. १९२२ मध्ये तिथल्याच स्टीफन पोप्लाव्स्की यांनी भांड्याच्या तळाशी फिरती पाती बसवली. तीही दुधाचं पेय करण्यासाठीच! आपल्या ओळखीचं हॉर्लिक्ससुद्धा याच गावचं. भारतात मात्र १९६३ मध्ये 'सुमीत' आला तो चटणी, डाळ, खोबरं, मसाला वाटायला. आपला मिक्सर मुळात पाटा-वरवंट्याची जागा घ्यायला आलेला आहे. त्याच्यापुढे सीताफळाची बी म्हणजे काय!

मग दांड्याचं मशीन विकत आणायचं का? मिळालं तर चांगलंच. पण तेच काम करणारी वस्तू आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या आहे, ती म्हणजे ताकाची रवी. धार नाही, घुसळण आहे, आणि लाईट गेली तरी चालते.

आमच्या घरी आता असं करतो. दूध उकळून, गार करून फ्रिजमध्ये ठेवायचं. दोन मध्यम पिकलेल्या फळांचा गर पुरणाच्या मोठ्या भोकांच्या चाळणीत घ्यायचा, अर्धी वाटी दूध घालून स्वच्छ हाताने हलके चोळायचा. गर खाली उतरतो, बिया वर राहतात. त्या मोजून बाजूला ठेवायच्या, मोजायचं काम मुलांना द्या. पुरणयंत्र वापरू नका, त्यात बी दाबली जाऊन फुटू शकते. मग उंच पातेल्यात हा गर, दोन ग्लास गार दूध आणि रवी. दोन-तीन मिनिटं घुसळलं की वर फेस येतो. साखर मी घालत नाही. १०० ग्रॅम गरात साधारण २३ ग्रॅम कर्बोदकं असतात, त्यात बरीचशी साखरच, फळ मुळातच गोड आहे. मिक्सरच वापरायचा असेल तर बिया काढून झाल्यावर गर आणि दूध घालून दोन झटके द्या, पुरे. झाकण हाताने धरा आणि भांड्यात हात घालण्याआधी पिन काढा. हे मोठ्यांनाही सांगावं लागतं.

गर गरम करू नका, कडवट होतो. करून ठेवू पण नका, हवेने काळपट पडतो.

शिक्षकांसाठी यात एक छान तास आहे. 'मिश्रणातले घटक वेगळे करणे' हे आपण रेती-खड्यांवर शिकवतो, इथे चाळणीवर शिकवा. मग गराच्या दोन वाट्या ठेवा, एकीत लिंबाचे चार थेंब. तास संपेपर्यंत कोणती काळवंडते ते मुलं सांगतील. एखादं पोरगं विचारेलच, "मग लिंबू घालूनच मिल्कशेक करू की!" त्याला थांबवू नका, वाटीभर दुधात लिंबू पिळायला सांगा. दूध फाटलेलं दिसेल. दुधातलं केसीन हे प्रथिन आंबटपणा वाढला की एकत्र गोळा होतं. सीताफळ आंबट नाही म्हणून त्याचं दुधाशी जमतं. कच्च्या अननसाची गोष्ट आणखी वेगळी, त्यातलं विकर दुधाची प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळात शेक कडू होतो.

फेसाचाही प्रयोग होतो. एका ग्लासात गार दूध, दुसऱ्यात कोमट, दोन्हींत रवी सारखीच मिनिटभर, आणि पट्टीने फेस मोजायचा. आमच्या वर्गात गार दूध जिंकलं. कोमट दुधातली वितळलेली चरबी फेसाचे बुडबुडे फोडते.

चाळणीतल्या बिया धुवून सावलीत वाळवा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा डब्यात ठेवा. त्या सहावीतल्या मुलीने मोजल्या तेव्हा दोन फळांत एक्याऐंशी निघाल्या. पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या काही शाळेच्या कुंपणाला लावायच्या असं वर्गाने ठरवलंय. सीताफळाच्या पाल्याला शेळ्या तोंड लावत नाहीत, त्यामुळे राखणीची फार चिंता नाही.