अर्ध्या इंचाची नळी अर्धा इंच का नसते?

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघरात सिंकच्या बाजूला जेट स्प्रे बसवला आहे. पालेभाजी धुवायला, सिंकचे कोपरे साफ करायला फार सोयीचा पडतो. पण दोन महिन्यांपासून त्याच्या नळीखाली थेंब थेंब पाणी साचतंय, खालच्या कपाटाची फळी फुगली आहे. एवढ्याशा कामासाठी भिवंडीहून प्लंबर यायला तयार होत नाही, म्हणून नळी स्वतःच बदलायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, 'अर्धा इंची घेऊन जा.' घरी येऊन कॉकच्या आट्यांवर पट्टी ठेवली तर माप भरलं जवळजवळ २१ मिलिमीटर! अर्धा इंच म्हणजे १२.७. मग चुकलं कोण? आणि इथल्या गरम कुंडांच्या खारट पाण्यामुळे नळ्या लवकर जातात असं शेजारी म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक भगिनी, वज्रेश्वरी

उत्तर : ताई, दुकानदार बरोबर आहे आणि तुमची पट्टीही बरोबर आहे. 'अर्धा इंच' हे आट्यांचं माप नाहीच. ते जुन्या लोखंडी पाइपाच्या पोकळीचं माप आहे. आतून साधारण अर्धा इंच पोकळ असलेल्या पाइपाला त्याच्या भिंतीची जाडी दोन्ही बाजूंनी मिळवली की बाहेरून तो २१ मिलिमीटरच्या आसपास भरतो, आणि आटे पाडले जातात ते बाहेरच्या अंगावर. या आट्यांचा नेमका व्यास २०.९५५ मिलिमीटर आणि एका इंचात १४ आटे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांना एकच माप असावं असं मांडलं, त्याच घराण्यातले हे आटे. पुढे पाइपाची भिंत पातळ झाली, लोखंडाच्या जागी प्लॅस्टिक आलं, आपण इंच सोडून मिलिमीटर धरले. पण जुन्या नळाला नवी तोटी बसली पाहिजे म्हणून आटे मात्र कुणी हलवले नाहीत. तुमच्या गावाजवळून वाहणाऱ्या तानसेवर वरच्या अंगाला धरण झालं आणि १८९२ मध्ये तिचं पाणी मुंबईला पोचलं. त्या काळच्या मापाची तोटी आज तुमच्या सिंकखाली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. नव्या पाकिटावर '१५ एमएम' लिहिलेलं दिसलं तरी घाबरू नका, तेही हेच माप. फक्त ओढून बाहेर काढायच्या नळाची, म्हणजे ज्याचं तोंडच नळीसकट बाहेर येतं त्याची नळी असेल, तर हा हिशेब लागू नाही. तिथे प्रत्येक कंपनीची तोंडं वेगळी असतात. जुनी नळी सोडवून दुकानात हातात घेऊन जावं.

आता गळतीकडे. नळी बदलण्याआधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा, कारण थेंब पडतो तिथे गळती असतेच असं नाही. पाणी नळीच्या अंगावरून घसरत सगळ्यात खालच्या वळणापर्यंत येतं आणि तिथून सुटतं. त्यात तुमच्या नळीला चकचकीत धातूची गुंडाळी असणार. ती गुंडाळी पाणी अडवत नाही, ते तिचं कामच नव्हे. पाणी धरते ती आतली रबरी किंवा प्लॅस्टिकची बारीक नळी. धातू हा तिच्यावरचा अंगरखा. आतली नळी वरच्या टोकाशी चिरली, तर पाणी अंगरख्याच्या आतून खाली उतरतं आणि हातभर लांब कुठल्या तरी फटीतून बाहेर येतं. म्हणून सगळी नळी फडक्याने कोरडी करा, वरच्या नटाखाली, मध्यावर आणि खालच्या नटाखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या गुंडाळा, कॉक उघडा आणि अर्धा तास थांबा. फक्त नटाजवळचा कागद भिजला तर नळी चांगली आहे, वॉशर गेला आहे, आणि तो किरकोळ पैशांत मिळतो. मधला कागद भिजला तर नळीच बदलायला हवी. तिला चिकटपट्टी, एमसील वगैरे लावण्यात वेळ घालवू नका. अंगरख्यावरून केलेला उपाय आत पोचत नाही.

जेटची नळी इतर नळ्यांपेक्षा लवकर का जाते, याचं उत्तर तुमच्या सवयीत आहे. आपण जेटचा खटका सोडतो आणि पाणी बंद झालं असं समजतो. प्रत्यक्षात ते नळीच्या टोकाशी अडलेलं असतं, मागचा कॉक उघडाच असतो, आणि नळी रात्रंदिवस दाबाखाली राहते. दर १० मीटर उंचीमागे पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो वाढतो. टाकी सिंकपासून चार मीटर वर असेल तर हा दाब चारशे ग्रॅम झाला. कमी वाटतो, पण त्याला सुटी नसते. शिवाय नळी रोज त्याच जागी वाकते. ओढून काढायच्या नळात नळी सतत दाबाखाली राहत नाही, तिथे ती दांड्याच्या पुढे असते, म्हणून ती गळली तरी नळ चालू असतानाच गळते.

बदलण्याचं काम अर्ध्या तासाचं आहे. कॉक बंद करा, खटका दाबून उरलेलं पाणी सोडून द्या, खाली फडकं ठेवा. खालचा नट पान्ह्याने सोडवताना दुसऱ्या पान्ह्याने कॉक घट्ट धरून ठेवा. हे विसरू नका. कॉक भिंतीत फिरला तर आतला सांधा ढिला होतो, आणि मग आज थेंब गळतोय त्या जागी उद्या भिंत ओली होईल. वरचा निमुळता नट बहुतेक वेळा हातानेच सुटतो. जुना वॉशर कधी कधी कॉकच्या तोंडाला चिकटून राहतो, तो खरवडून काढा. एकावर एक दोन वॉशर बसले की सांधा हमखास गळतो.

एका गोष्टीवर मी जरा अडून बसणार आहे, कारण जवळजवळ प्रत्येक घरात ती चुकते. या नटावर टेफ्लॉन टेप लावू नका. पाइपांचे सांधे दोन प्रकारचे. एकात पाणी आटेच अडवतात, जसा भिंतीतल्या पाइपात बसवलेला कॉक. तिथे आट्यांमधल्या फटी भरायला टेप लागते. आधीचे प्लंबर तिथे सूत आणि सफेदा वापरायचे. दुसऱ्या प्रकारात आटे फक्त ओढून धरतात आणि पाणी अडवतो तो वॉशर. जेटच्या नळीची दोन्ही टोकं या दुसऱ्या जातीची. भारतीय मानकांतही या दोन प्रकारच्या आट्यांसाठी दोन वेगळी मानकं आहेत. टेप गुंडाळली की नट जड फिरतो, घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण वॉशर दाबला गेलेलाच नसतो. तेव्हा वॉशर सपाट बसलाय याची खात्री करा, हाताने फिरेल तेवढा नट फिरवा, आणि मग पान्ह्याने फार तर पाव फेरा.

त्याहून जास्त आवळू नका. पितळेचा नट असेल तर ताण त्यात राहून जातो, आणि ताणलेल्या पितळेला अमोनियाचा वास लागला की ते तडकतं. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की आपोआप चिरायची. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना धातूत राहिलेला ताण, असं तिहेरी कारण त्यामागे होतं. अमोनिया असलेली काचा पुसण्याची बाटली म्हणूनच सिंकखाली ठेवू नये.

आता कुंडांचं. अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरीचे झरे हे कोकणातल्या उन्हाळ्यांच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या, लांबलचक रांगेतले. पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, संगमेश्वरकडचं तुरळ ही त्याच रांगेतली. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि क्षार घेऊन वर येतं. त्या क्षारांत क्लोराइड, म्हणजे मिठाच्या जातीचे क्षार, पुष्कळ असतात. पण कुंडातलं पाणी खारट म्हणून तुमच्या नळाचंही तसंच, असं धरून चालू नका. ते कुठून येतं त्यावर अवलंबून आहे. बोअरचं असेल तर घरीच तपासा. नळावर जमलेला पांढरा थर खरवडून थोडा साध्या पाण्यात टाका. विरघळला तर मीठ. नाही विरघळला आणि लिंबाच्या रसात फसफसला तर चुना. चुना जेटची भोकं बुजवतो, वॉशर कडक करतो. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवला की निघतो. मीठ मात्र स्टेनलेस स्टीललाही खातं. जाळीच्या कनेक्शन पाइपांत तर जाळीच दाबाला आवर घालते, आणि तिच्या बारीक तारा एकेक करून तुटतात. तेव्हा शेजाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, पण ते तुमच्या पाण्याला लागू आहे का ते तुम्हीच ठरवायचं आहे. पाणी खारं निघालं तर नळी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, आणि जाळीवर गंज किंवा तुटलेली तार दिसली की गळतीची वाट न बघता बदला.

नवी नळी घेताना आत रबर आहे की प्लॅस्टिक ते विचारा. गिझर किंवा सोलरचं गरम पाणी त्या कॉकला येत असेल तर रबरीच घ्या, साधं प्लॅस्टिक उष्णतेने मऊ पडतं. लांबी जुन्या नळीएवढीच ठेवा. जास्त लांब घेतली तर जेट भांड्यांच्या खरकट्या पाण्यात पडून राहतो, आणि पाणीपुरवठा थांबून पाइपात पोकळी झाली की तेच पाणी मागे ओढलं जाण्याचा धोका असतो. त्याला हुकावर टांगायची सवय घरात सगळ्यांना लावा.

सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला चार लिटरांहून जास्त पाणी जातं. तुमची फळी फुगली ती उगाच नाही. नवी नळी बसवल्यावर पहिल्या रात्री मुद्दाम कॉक उघडा ठेवा आणि दोन्ही नटांखाली कोरडा कागद ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर फळी उन्हात वाळवायला काढा, आणि त्या रात्रीपासून झोपायला जाताना कॉक बंद करत चला.