हृदयाची तालीम

मुलांनो, उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र पैलवान जिथे कुस्ती शिकतात, त्या जागेलाही तालीम म्हणतात. आपल्या हृदयाला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. हृदय हा एक स्नायू आहे. त्याला जसे काम द्यावे, तसे ते घडते.

हृदय साधारणपणे आपल्या मुठीएवढे असते. प्रौढ माणूस शांत बसलेला असताना ते मिनिटाला सुमारे ७० ठोके देते. प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर! हे रक्त साऱ्या शरीराला पुरवणारा कप्पा हृदयाच्या डाव्या बाजूला, खाली असतो. त्याला डावी जवनिका म्हणतात.

आता दोन मुले डोळ्यांसमोर आणा. पहिला रोज सकाळी दूरवर धावतो. धावताना पायांच्या स्नायूंना खूप रक्त लागते आणि तेवढेच रक्त हृदयाकडे परत येते. डावी जवनिका भरून ताणली जाते. असे अनेक महिने घडले, की तिची पोकळी मोठी होते आणि भिंतही त्या प्रमाणात जाड होते. मग एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडते. म्हणून विश्रांतीच्या वेळी कमी ठोके पुरतात. लांब पल्ल्याच्या काही धावपटूंची नाडी मिनिटाला ४० च्या आसपास असते.

दुसरा मुलगा जड वजने उचलतो. जोर लावताना त्याचे स्नायू आवळले जातात व त्यांतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्तदाब काही क्षण खूप वाढतो. त्या दाबाविरुद्ध हृदयाला रक्त ढकलावे लागते. अशा सरावाने जवनिकेची भिंत थोडी जाड होऊ शकते. पोकळी मात्र फारशी वाढत नाही.

स्वीडनमधील डॉक्टर हेन्शेन यांनी १८९९ साली बर्फावरून घसरत शर्यत करणाऱ्या खेळाडूंची छाती बोटांनी ठोकून तपासली. त्यांची हृदये मोठी असल्याचे त्यांना आढळले. पुढे १९७५ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने धावपटू आणि पैलवान यांच्या हृदयांतील फरक दाखवला. नंतरच्या तपासण्यांत हा फरक इतका ठळक नसल्याचे दिसले, कारण बहुतेक खेळांत दोन्ही प्रकारचे काम असते. कुस्तीतच पाहा. पैलवानाला ताकद हवी आणि दमही हवा.

येथे एक प्रश्न पडतो. उच्च रक्तदाबाच्या आजारातही हृदयाची भिंत जाड होते. मग व्यायामाने होणारा बदल चांगला आणि आजाराने होणारा वाईट, असे का? व्यायाम तासभर चालतो. नंतर हृदयाला विश्रांती मिळते. आजारातला दाब मात्र दिवसरात्र असतो. अशा हृदयाची भिंत हळूहळू ताठर होते आणि शेवटी ते थकते. व्यायाम थांबवला, तर खेळाडूचे वाढलेले हृदय काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा लहान होऊ लागते. उच्च रक्तदाब आपोआप थांबत नाही. त्यावर उपचार करावे लागतात. बहुतेकदा तो दुखतही नाही, म्हणून कळत नाही. तेव्हा घरातील मोठ्या माणसांना रक्तदाब तपासून घेण्याचा आग्रह धरा.

तुम्हीही धावा, पोहा, जोर-बैठका काढा. मात्र व्यायाम करताना चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा छातीत दुखले, तर लाजून गप्प बसू नका. लगेच थांबा, शिक्षकांना व घरी सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. काम आणि विश्रांती या दोन्हींतूनच हृदयाची तालीम पूर्ण होते.

शब्दार्थ
आवळणे – घट्ट करणे
पोकळी – आतील रिकामी जागा
ताठर – न वाकणारा, कडक
दम – न थकता काम करण्याची शक्ती

स्वाध्याय
१. धावपटूची नाडी विश्रांतीच्या वेळी मंद का असते?
२. व्यायामातील रक्तदाब व आजारातील रक्तदाब यांत कोणता फरक आहे?
३. सकाळी उठल्यावर आपली नाडी एक मिनिट मोजा. रोज धावण्याचा सराव करून तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा.