गावचा मातीचा बांध : पूरनियंत्रण आणि दक्षता

मराठवाडा म्हटला की अवर्षणच प्रथम डोळ्यांपुढे येते. परंतु छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात एका रात्रीच्या पावसानेही नाले दुथडी भरून वाहतात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नड तालुक्यात अतिवृष्टी होऊन औट्रम घाटात दरडी कोसळल्या व वाहतूक बंद पडली. अशा पायथ्याच्या गावांना नाल्यावरील लहानसा मातीचा बांध मोठाच आधार असतो. १९७२ च्या दुष्काळातील कामांतून व पुढे रोजगार हमी योजनेतून राज्यात असे अनेक पाझर तलाव निर्माण झाले.

बांधाचे कार्य

तलाव रिकामा असेल तर पहिला लोंढा त्यात सामावतो. तो भरल्यावर जादा पाणी सांडव्यावरून जाते. मात्र तलावाच्या विस्तारामुळे पुराचा जोर काहीसा ओसरतो. गाळ साचला की ही क्षमता घटते.

बांधाच्या मध्यभागी पाणी अडविणारा चिकण मातीचा गाभा आणि दोन्ही अंगांस मुरमाचे आवरण असते. काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून तिला हे आवरण आवश्यक ठरते. मातीचा बांध पाण्याचा दाब सोसतो. माथ्यावरून वाहणारे पाणी मात्र त्याला सोसवत नाही. म्हणूनच सांडवा हा बांधाचा प्राण होय.

दोन धडे

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे राहिलेले मातीचे धरण फुटले आणि पुणे शहरात हाहाकार उडाला. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील त्याहून पुष्कळ लहान धरण फुटले, तेव्हाही माणसे दगावली. बांध लहान म्हणून धोकाही लहान, हा समज घातक आहे.

२०२१ चा धरण सुरक्षितता कायदा मुख्यतः १५ मीटरपेक्षा उंच, आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. गावचे बहुसंख्य बांध त्याहून ठेंगणे असतात. त्यामुळे त्यांची राखण प्रामुख्याने जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांच्या जागरूकतेवरच अवलंबून राहते.

पावसाळ्यापूर्वीची पाहणी

१. अधिक पाणी साठावे या लोभाने सांडव्यावर दगड वा मातीची पोती रचलेली असल्यास ती तत्काळ काढावीत. जादा पाण्याचा हा मोह अखेर गावालाच महागात पडतो.

२. माथा खचलेला असल्यास जाणकार अभियंत्याच्या सल्ल्याने भरून घ्यावा.

३. भरावावर झाडे वाढू देऊ नयेत. उंदीर-खेकड्यांची बिळे बुजवावीत.

४. पायथ्याशी झिरपणारे पाणी नितळ आहे की गढूळ, हे पाहावे. गढूळ पाणी म्हणजे आतील माती वाहून जात असल्याची खूण. तसे दिसताच तहसील कार्यालयास कळवून खालच्या वस्तीला हलवावे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा बांधावर नेऊन ही लक्षणे दाखवावीत. बांध शासनाच्या पैशाने उभा राहिला असला, तरी त्याच्या छायेत झोपणारे गाव आपले आहे.