ई-रीडर घेताय? आधी पट्टी घ्या!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण माझी खरी चूक वेगळीच आहे. मागच्या वर्षी साठवलेल्या साडेपाच हजारांत मी एक जुना सहा इंची ई-रीडर घेतला. परीक्षा चार दिवसांवर, त्यावर सिनियर्सच्या नोट्स उघडल्या, तर अक्षरं मुंगीएवढी! शेवटी झेरॉक्सच्या रांगेत उभी राहिलेच.

घेण्याआधी हे गणित करायला हवं होतं. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिलिमीटर, सहा इंची पडद्याची साधारण ९०. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर जेमतेम ५ पॉइंटचं होतं. पीडीएफमध्ये पान जसंच्या तसं गोठलेलं असतं, त्यामुळे अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. रीडर आडवा धरून समास कापले तर थोडं निभावतं, पण मोठ्या सर्किट डायग्रामचे दोन तुकडे होतात. १०.२ इंचीवर तेच अक्षर ९ पॉइंटचं दिसतं. नोट्ससाठी हवा तो हा, पण किंमत ऐकून घाम फुटतो.

मग सहा इंची वाईट का? मुळीच नाही. दिवाळीत तो कासुर्डीला, आमच्या गावी नेला. भर उन्हात अंगणात मोबाइलवर काही दिसेना, पण रीडर छापील कागदासारखा स्वच्छ! ई-इंकच्या पडद्यात अतिबारीक कॅप्सूल असतात आणि त्यांत विरुद्ध भार असलेले काळे-पांढरे कण. व्होल्टेज दिलं की हवे ते कण वर येतात आणि तिथेच थांबतात. वीज मुख्यतः पान बदलताना लागते, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. आमच्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांना ‘श्यामची आई’ टाकून दिलं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ६० वर्षांचा कॉपीराइट संपलाय आणि पुस्तक फुकट मिळतं. ईपब फाइल असल्याने अक्षर हवं तेवढं मोठं होतं, ओळी आपोआप जुळतात.

मराठी वाचणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. १६७ पीपीआयच्या जुन्या पडद्यावर लहान अक्षरातले रफार, अनुस्वार, जोडाक्षरं फिसकटतात. ३०० पीपीआयच घ्या. रंगीत पडद्यावरही काळं अक्षर ३०० असतं, पण रंग १५०वर येतात, शिवाय पडदा जरा काळपट वाटतो. मला तरी तो पटला नाही. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधली पीडीएफ ईपबमध्ये बदलायला जाल, तर ‘नमस्कार’ऐवजी भलतंच काहीतरी उमटेल!

दुकानाचं कुलूपही तपासा. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६पासून मिळतात, पण बुकगंगाची ई-बुकं त्यांच्याच ॲपमध्ये वाचावी लागतात. दोन्ही हवी असतील तर अँड्रॉइडवर चालणारा रीडर बघा.

हॉस्टेलवाल्यांनो, फ्रंट लाइट मात्र सोडू नका. माझ्या रीडरला तो नाही. रात्री ट्यूबलाइट लावली की रूममेट उशी फेकते.

आजोबा आता रीडर परत द्यायला तयार नाहीत. मी अजून झेरॉक्सच काढते आहे.